पाच मोजेपर्यंत

साहेबांनी खोलीत येता येता भिंतीवरचं बटण दाबलं आणि मी डोळे मिटले. ट्यूब दोनदा फडफडली, मग स्थिर झाली असावी. मिटल्या पापण्यांवर उजेड बसल्याचं कळलं. दुपारचे तीन वाजले होते, खिडकी होती, खोलीत तसा अंधार नव्हताच, नुसती सावली होती. तरी मी मिटले. तीन श्वास मोजले आणि उघडले, तोवर साहेब खुर्ची ओढून बसले होते आणि त्यांनी चौकशी करणाऱ्या माणसाचा चेहरा नीट चढवलेला होता. म्हणजे मला हवा होता तसा. "डोळ्यांना त्रास होतो का?" त्यांनी विचारलं. "नाही," म्हटलं, "दिवसभर काळोखात असतो ना. सवय नाही उजेडाची." हे खोटं नव्हतं, पण खरंही नव्हतं. साहेबांनी समोरच्या कागदावर काहीतरी लिहिलं. एवढ्यात काय लिहिण्यासारखं होतं, हे पुढचा अर्धा तास मला कुरतडत राहिलं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात. माझ्या मनात ट्यूबलाइट होती.

मी पार्कच्या भूतबंगल्यात दिवे लावणारा माणूस. अकरा वर्षं झाली. आकाशपाळण्याच्या मागे, उंच काळी भिंत दिसते तो भूतबंगला, आणि त्याच्या पोटात एक माणूस मावेल एवढी माझी केबिन. समोर पाच पडदे, पाच खोल्यांचे. काळोखात बघणारे कॅमेरे आहेत. जे घडतं ते दाखवतात, साठवून काही ठेवत नाहीत. पडद्याखाली पाच बटणं. दारावरच्या पाटीवर लिहिलंय : पुढे जायचं नसेल तर दोन्ही हात डोक्यावर ठेवा, तत्काळ दिवे लागतील. हात डोक्यावर गेलेले बघायचे आणि त्या खोलीचं बटण दाबायचं, एवढंच माझं काम. दिवा लागला की भुताने थांबायचं आणि गिऱ्हाइकाला हसून बाहेरची वाट दाखवायची. दिवा लागेपर्यंत मात्र भुताने बोलायचं नाही, जागा सोडायची नाही, कितीही कोणी रडलं तरी. हा नियम पक्का. भूत बोललं की भूत राहत नाही, असं मॅनेजर म्हणतो. एकूण माझी नोकरी म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं, आणि शेळ्याही स्वतःच्या पायांनी तिकीट काढून आलेल्या.

पाटीवर 'तत्काळ' आहे, पण आम्ही तत्काळ लावत नाही. सुरुवातीला मी लावायचो. मग लोक बाहेर येऊन भांडायचे. हात सहज वर गेला होता हो, मजा घालवलीत सगळी, पैसे परत द्या. तेव्हा मॅनेजरने मला केबिनमध्ये येऊन सांगितलं, "पाच मोज. पाचपर्यंत हात खाली आले नाहीत तर लाव." आणि खरंच, दहातल्या आठ जणांचे हात तीन-चारला खाली येतात. माणूस हात वर करतो, आपण हात वर केलेत याची त्याला लाज वाटते, आणि मागचा हसेल म्हणून तो ते खाली घेतो. भीतीपेक्षा लाज जड असते हे मी या पडद्यांवर शिकलो. पाचाची गोष्ट कुठे लिहिलेली नाही. ती मॅनेजरला ठाऊक, मला ठाऊक, आणि भुतांना अंदाजाने ठाऊक.

दारावर गेटवाला असतो, तो आमच्यातला विनोदी. आत सोडताना प्रत्येकाला विचारतो, "कशाची भीती वाटते?" लोक हसत हसत सांगून टाकतात. अनोळखी माणसाला सांगणं सोपं असतं बहुतेक. चहाच्या वेळी तो आम्हाला दिवसाचा माल दाखवतो. एक ट्रक चालवणारा, दंड केवढाले, पण पिसांना घाबरणारा. उशी फाटली तर घर सोडून जाईल. एक नवी नवरी, तिला शर्टाच्या गुंड्यांची भीती. नवऱ्याने लग्नाच्या फोटोत बिनगुंडीचा सदरा घातलेला. एका प्राध्यापकाला बाहुल्यांच्या पापण्यांची. गेटवाल्याला स्वतःला बेडकाची, चित्रातल्यासुद्धा. विहिरीच्या खोलीतली हडळ लिफ्टला घाबरते. रोज आठ फूट उंच फळीवर पालथी झोपून खाली केस सोडणारी बाई, गुडघा गेलेला, पण चार मजले जिन्याने चढते. हडळ हे आमचं तिला ठेवलेलं नाव. तीही हाक मारली की ओ देते. चाळिशीची, दोन मुलांची आई, नवरा असून नसल्यासारखा. दर सोमवारी तो कमरेपर्यंतचा केसांचा टोप घरी नेऊन धुते आणि म्हणते, माझ्या स्वतःच्या केसांना एवढं कधी मिळालं नाही. मला दादा म्हणते. एकदा तिने विचारलं होतं, "दादा, तुमची कुठली?" मी म्हटलं, "बायकोची." सगळे हसले. खरी कोण सांगणार? भूतबंगल्यात दिव्याच्या बटणावर बसलेला माणूस दिवा लागायला भितो, हे ऐकून लोक हसून हसून मेले असते.

मला काळोखाची भीती नाही. उजेडाचीही नाही, भर उन्हात आकाशपाळण्याखाली बसून मी डबा खातो. मला भीती वाटते ती मधल्या क्षणाची. दिवा लागलेला असतो आणि समोरच्या माणसाला आपण दिसतोय हे अजून कळलेलं नसतं. तेवढ्या वेळात त्याच्या तोंडावर जो चेहरा असतो तो कोणासाठीच नसतो. तो मला बघवत नाही. म्हणून मी घरात शिरताना खोकतो. अंधाऱ्या खोलीत जायचं तर आधी दारावर टिचकी मारतो, काहीतरी बोलतो, मग बटण. बायको म्हणते, "स्वतःच्या घरात पाहुण्यासारखा खोकत येतोस. मागच्या दाराने कोण पळून जायचंय?" ती संध्याकाळ व्हायच्या आधीच सगळे दिवे लावून ठेवते, विजेचं बिल माझ्या नावाने बडबडत भरते, आणि का म्हणून विचारत नाही. केबिन मला मानवली ती यामुळेच. काळोखातल्या कॅमेऱ्यात माणसं राखाडी दिसतात, डोळ्यांच्या जागी दोन पांढरे ठिपके, चेहरा असा नसतोच. आणि बटण दाबलं की जुना कॅमेरा दोन सेकंद पांढराफटक व्हायचा, मग चित्र यायचं. तेवढ्यात गिऱ्हाईक सावरलेलं असायचं. अकरा वर्षं त्या दोन सेकंदांवर माझं पोट चाललं.

मी नऊ वर्षांचा असेन. त्या वर्षी माझा हात पहिल्यांदा बटणापर्यंत पोचला. त्याआधी स्टूल लागायचं. पोचला म्हणून मी घरभर दिवे लावत सुटायचो, भर दुपारीसुद्धा, आणि आई ओरडायची, पण बाबा कॉटवरून म्हणायचे, लावू दे गं, तेवढीच त्याला उंची मिळालीय. बाबा दोन वर्षं त्या कॉटवर होते. कमरेखालचं सगळं गेलेलं. आई दर दोन तासांनी त्यांना कुशीवर वळवायची, रात्रीसुद्धा, गजर लावून. घरात औषधाचा आणि ओल्या चादरींचा वास असायचा. तो मला वास वाटायचाच नाही, घर म्हणजे तोच वास. त्या संध्याकाळी मी खेळून आलो. खोलीत अंधार होता. टाचा उंच केल्या आणि बटण दाबलं. आई जमिनीवर बसली होती, कॉटला पाठ टेकून, पाय लांब पसरून, केस सुटलेले. तिच्या चेहऱ्यावर सुख होतं. दुसरा शब्द मी चाळीस वर्षं शोधतोय, मिळालेला नाही. वरती कॉटवर बाबा भिंतीकडे तोंड करून निजलेले, आणि खाली आई सुखात. मग तिने मला पाहिलं. तो चेहरा गेला आणि दुसरा आला, माझ्यासाठीचा, आणि ती म्हणाली, "बाबा गेले रे," आणि रडायला लागली. मीही रडलो. पण मी तिच्याकडे बघत रडलो, आणि मला वाटत होतं, ही आत्ता सुरू झाली, मी दिवा लावला म्हणून सुरू झाली. मी कुणाला सांगितलं नाही. तिला तर नाहीच. आई आता शहात्तर वर्षांची आहे, माझ्याकडेच असते, मागच्या खोलीत. मी तिची औषधं आणतो, पाय चेपतो, सगळं करतो. तिच्या तोंडाकडे बघून बोलत नाही, एवढंच.

तर गेल्या सोमवारी विहिरीच्या खोलीतला कॅमेरा बदलला. नवा. मॅनेजर कौतुकाने म्हणाला, याला दोन सेकंद लागत नाहीत, दिवा लागताक्षणी चित्र लख्ख. आणि तसंच झालं. मंगळवारी एका तरुण मुलीने हात वर केले, मी पाच मोजून बटण दाबलं, आणि मान खाली घालायच्या आत ती मला दिसली. दात, हिरड्या, नाकातून आलेलं पाणी. तिचा नवरा किंवा कोण होता तो बाजूला उभा होता आणि तिच्याकडे बघताना त्याला किळस आली होती. पाव सेकंद. मग त्याने तिला जवळ घेतलं. मी केबिनच्या बाहेर जाऊन नळाखाली डोकं धरलं. मॅनेजरला सांगावं असं मनात आलं, त्या खोलीवर दुसरा माणूस बसवा. पण कारण काय सांगणार होतो?

गुरुवारी घड्याळजी आला. घड्याळं दुरुस्त करणारा, सत्तरीचा, बरोबर नात. हे मला नंतर कळलं. पडद्यावर तो फक्त एक किरकोळ राखाडी माणूस होता, एका हाताने भिंत चाचपत येणारा. नात उंचीच्या खुणेत चार बोटं कमी पडली म्हणून तिला आत सोडलं नाही. तिने हट्ट धरला, आजोबा, तुम्ही जा आणि आत काय आहे ते मला सांगा. त्याने दारावर गेटवाल्याला विचारलं, "मला सुट्या केसांची भीती वाटते. कंगव्यातला एक दिसला तरी खोलीबाहेर जातो. आत तसलं काही नाही ना?" आणि आमचा गेटवाला म्हणाला, "आजोबा, आमच्या भुताला टक्कल आहे. बिनधास्त जा." हे त्याने मला त्याच संध्याकाळी सांगितलं, सायकलच्या स्टँडमागे, दोन्ही हातांनी तोंड झाकून. साहेबांना सांगितलेलं नाही. त्याच्या जबानीत त्याने म्हातारा खुशीत दिसला असं म्हटलंय.

विहिरीच्या खोलीत हडळीने वरून केस सोडले. ते घड्याळजीच्या तोंडावर, मानेत, खांद्यावर आले. तो ओरडला असणार. पडद्याला आवाज नाही. लगेच दोन्ही हात डोक्यावर गेले, पाटीवर लिहिलेत तसे, अगदी नीट, शाळेतल्या मुलाने करावेत तसे. मी मोजायला लागलो. एक, दोन. माझं बोट बटणावर होतं. तीन, चार. हात खाली आले नाहीत. पाच. इथे मी दाबायला हवं होतं. पाचपर्यंत मॅनेजर माझ्याबरोबर होता, नियम नसला तरी रिवाज होता. पाचाच्या पुढे मी एकटा. सहा. मला दिसत होतं की दाबलं की तो लख्ख दिसेल. सात. तो भिंतीला टेकला. आठ. हात डोक्यावरच होते. मी स्वतःला सांगत होतो की दाब, आणि बोट माझं ऐकत नव्हतं, आणि मोजणं मात्र आपलं आपण चालू होतं. नऊ. तो घसरून खाली बसला. दहा. मी डोळे मिटले, तेव्हाच बोटाने ऐकलं. अकरा. डोळे उघडले तेव्हा खोलीत दिवा होता, हडळ फळीवरून अर्धी खाली लोंबकळत काहीतरी म्हणत होती, टोपाचे केस अजून त्याच्या खांद्यावर होते, आणि घड्याळजी हात डोक्यावर ठेवून थेट कॅमेऱ्याकडे बघत होता. किती वाजले ते बघावं तसा. दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं.

मॅनेजरने त्याच संध्याकाळी मला आकाशपाळण्याच्या सावलीत गाठलं. "हात वर गेले, तू दिवा लावलास. पाचाचं नाव काढायचं नाही. सुक्याबरोबर ओलंही जळेल, तुझ्यामाझ्यासकट." मी मान हलवली. त्याला वाटत होतं आपण पाच लपवतोय. त्याला लपवायला पाच होते, मला अकरा.

"हात वर गेल्यापासून दिवा लागेपर्यंत किती वेळ गेला?" साहेबांनी विचारलं. हे अपघातांची चौकशी करणाऱ्या खात्याचे साहेब, शांत माणूस, बोलताना पेनाचं टोपण लावायचे आणि काढायचे. हडळ माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसली होती. टोप नसताना तिचे केस विरळ आणि घट्ट बांधलेले असतात. तिने घरची चांगली साडी नेसली होती. मी साहेबांच्या टोपणाकडे बघत म्हटलं, "लगेच लावला." मग साहेब तिच्याकडे वळले. "तुम्ही म्हणालात, दिवा यायला बराच वेळ लागला."

"हो साहेब. मी वाट बघत होते. मला त्यांचे हात दिसत होते ना. मनात म्हणत होते, आता येईल, आता येईल."

"तुम्ही हातभर अंतरावर होतात. केस वर ओढून घ्यायला काय हरकत होती?"

"दिवा लागेपर्यंत हलायचं नाही, साहेब. तसंच शिकवलंय. मागे एकदा मी हलले होते तर आठ दिवस घरी बसवलं मला." ती मॅनेजरकडे बघत नव्हती, तो दाराशी उभा होता. "आणि दिवा येतोच. अकरा वर्षांत कधी आला नाही असं झालं नाही. दादा असतात ना तिकडे."

साहेबांनी टोपण लावलं. "नात बाहेरच्या दाराशी उभी होती. ती म्हणते, आजोबा नको नको असं खूप वेळा ओरडले. तिने मोजलं नाही, पण खूप वेळा. हे म्हणतात दिवा लगेच लागला. म्हणजे हात वर जायच्या आधी तुम्ही त्या माणसाला बराच वेळ धरून ठेवलं होतं, असाच अर्थ निघतो. केसांत अडकवून. अंगाला हात न लावण्याचा नियम आहे ना तुमच्यात?" खोलीत ट्यूबचा आवाज येत होता, बारीक. मला वाटलं, आता ही माझ्याकडे बघेल. तिने बघितलं. मला बाजूने कळलं. आणि मग ती साहेबांना म्हणाली, "दादा म्हणतात तर लगेचच लागला असेल, साहेब. मला डोकं खाली करून पडल्यावर वेळेचा अंदाज येत नाही. पण मी हात नाही लावला." तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी तगलो असतो. तिने खरंच स्वतःच्या मोजण्यावरचा भरवसा सोडून दिला होता, माझ्या एका शब्दावर.

मी जबानीखाली सही केली. साहेबांनी मला त्यांचं कार्ड दिलं, छोटंसं, बारीक अक्षरांचं. "आणखी काही आठवलं तर फोन करा. मी आठपर्यंत इथेच आहे. उद्या सकाळी अहवाल जातो, आणि तो गेला की प्रकरण पोलिसांकडे. मग माझ्या हातात काही राहत नाही." कॉरिडॉरमध्ये हडळ भिंतीला धरून गुडघा चोळत उभी होती. बाकीचे सगळे लिफ्टने खाली निघून गेले होते. "दादा, जिन्याने येता का बरोबर? मला एकटीला आज चक्कर येईल असं वाटतंय." मी तिच्याबरोबर चार मजले उतरलो. प्रत्येक वळणावर ती थांबायची. दुसऱ्या मजल्यावर म्हणाली, "थोरलीची परीक्षा आहे हो या महिन्यात. तिला अजून सांगितलं नाही. आई भूत होते हे मैत्रिणींना कळू देत नाही ती, आणि आता हे." मग जरा हसली. "तुम्ही नसतात तर मला वाटलं असतं माझं डोकंच फिरलंय. केवढा वेळ वाटला तो मला. लगेच लागला होता ना, दादा?" आणि मी, एवढा मोठा घोडा, जिन्याच्या कठड्याला धरून म्हणालो, "हो." तिने माझ्या दंडाला हात लावला, आधारासाठी की आभारासाठी कोण जाणे, आणि पुढची पायरी उतरली.

मी लांबच्या वाटेने, भटकत भटकत घरी आलो. वाटेत दुकानांचे दिवे लागत होते, एकेक, आणि मी खालच्या फरशा बघत चाललो होतो. मनात मी साहेबांना सांगत होतो. साहेब, मला दिवा लागायची भीती वाटते. साहेब टोपण काढत होते, विचारत होते, म्हणजे नेमकी कशाची? आणि मी सांगत होतो, आईच्या सुखाची. हे कुठल्या अहवालात बसेल? घड्याळजीने निदान दारावर सांगितलं तरी. लोक हसतील म्हणून तो गप्प बसला नाही, सांगून मोकळा झाला, आणि पाटीवर लिहिल्याप्रमाणे हात वर करून थांबला. त्याच्यात आणि माझ्यात मी भित्रा. हे शब्द मी रस्त्यात मोठ्याने म्हटले असावेत, कारण एक बाई बाजूला झाली. एरवी बायको दुकानातलं काम संपवून माझ्याआधी घरी येते, त्या दिवशी आठनंतर येणार होती. दाराला किल्ली लावली तेव्हा साडेसात व्हायचे होते. घरात अंधार होता. बायको नव्हती आणि आईने दिवे लावले नव्हते. मी विचारात होतो. खोकलो नाही. टिचकी मारली नाही. मागच्या खोलीच्या दारात आलो आणि हात आपला आपण गेला.

दिवा लागला. आई पलंगावर बसली होती, उशीला पाठ टेकून, तोंड दाराकडे. तिच्या डोळ्यांचं ऑपरेशन मागच्याच वर्षी करून आणलंय, तिला सगळं दिसतं. मी डोळे मिटायला हवे होते, तेही विसरलो. आणि तिच्या चेहऱ्यावर काही घडताना मी पाहिलं, पण ते तिचं नव्हतं, ते माझ्याकडे बघून होत होतं. मग मला कळलं की या खेपेला चेहरा चढवायला वेळ न मिळालेला माणूस मी आहे.

"काय करून आलास?" आई म्हणाली.

काय झालं असं तिने विचारलं नाही. माझे दोन्ही हात डोक्यावर गेले. मी नेले नाहीत. आई माझ्याकडे बघत राहिली, मग पलंगाची कड धरून उठली, माझ्या अंगावरून हात पुढे नेऊन तिने बटण बंद केलं आणि अंधारात चाचपडत परत जाऊन बसली. "आता सांग," म्हणाली. मी जमिनीवर बसलो, तिच्या पलंगाला पाठ टेकून. सांगायला लागलो. घड्याळजी, नात, केस, नवा कॅमेरा, मॅनेजर. पाच नाही, आई, अकरा. सही. जिना. आणि मग, थांबता येईना म्हणून, ती संध्याकाळही. टाचा उंच केलेल्या, बटण, तुझा चेहरा. मी म्हटलं, "तू सुखात होतीस." पलंगाची पट्टी करकरली.

"दोन वर्षांत पहिल्यांदा पाठ टेकली होती मी," आई म्हणाली. "त्यांना जाऊन तास झाला होता. गजर लावायचा नाही आज, हे मनात आलं. एवढंच होतं ते. आणि तू दारात." मग म्हणाली, "तेव्हापासून तू माझ्याकडे नीट बघितलं नाहीस. मी म्हटलं, विचारेल कधीतरी." तिचा हात माझ्या डोक्यावर आला, माझे हात अजून तिथेच होते, त्यांच्यावर. मला रडू आलं. इतकं साधं होतं ते, आणि मी त्याच्यावर चाळीस वर्षं आणि एक माणूस घालवला.

"आणि ती बाई?" आईने विचारलं.

"उद्या अहवाल जाईल. मग पोलीस."

"ते साहेब आठपर्यंत आहेत म्हणालास."

"हो."

"नंबर कुठाय?"

"खिशात. कार्डावर."

"अंधारात वाचता येणार आहे का तुला?" आईने माझ्या डोक्यावरचा हात काढून घेतला. "ऊठ. दिवा लाव."

मी उठलो. एका हातात कार्ड धरलं, दुसऱ्याने भिंत चाचपली. बटण सापडलं, आता टाचा उंच कराव्या लागत नाहीत. बाहेरच्या खोलीत घड्याळ चालल्याचं ऐकू येत होतं. मागे आई वाट बघत होती, आणि मला माहीत होतं की ती माझ्याच बाजूला तोंड करून बसलेली आहे. मी बोट ठेवलं. एक. दोन. आता तर भ्यायचंही काही उरलं नव्हतं. तीन. चार.

"लावतोस ना?" आई म्हणाली.

पाच.

सहा.